पेटी निघाली, आता ग्राहकाला इंग्रजीत काय लिहायचं?

गेल्या हंगामात आमच्या भाच्याने बंगळुरूच्या एका बाईंना मेसेज केला, "युअर मँगोज विल कम टिल फ्रायडे." बाईंचं उत्तर आलं, "अँड आफ्टर फ्रायडे?" त्या चेष्टा करत नव्हत्या. शुक्रवारपर्यंत रोज थोडे थोडे आंबे येत राहणार आणि मग बंद होणार, असा अर्थ त्यांनी लावला होता. भाच्याला चूक काही केल्या कळेना, कारण त्याच्या डोक्यातलं मराठी वाक्य चोख होतं: शुक्रवारपर्यंत येतील.

आपलं 'पर्यंत' दोन कामं करतं. 'शुक्रवारपर्यंत दुकान उघडं आहे' आणि 'शुक्रवारपर्यंत पेटी पोचेल', दोन्हीकडे तोच शब्द. इंग्रजीत पहिल्याला 'टिल', दुसऱ्याला 'बाय'. डिलिव्हरीच्या मेसेजात तुम्हाला जवळजवळ नेहमी 'बाय' हवा असतो. हा एक बदल आज केलात तरी तुमच्याकडे येणारे निम्मे उलट प्रश्न थांबतील. निम्मे हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.

मी मावसभावाच्या देवगडच्या बागेचे ग्राहकांचे मेसेज आणि मेल सांभाळते. मार्च ते मे हापूस, मग दिवाळीचा फराळ. शिक्षण मराठी माध्यमातलं. म्हणून सांगते, या कामाला भारी इंग्रजी लागत नाही. घरून पैठण्या, चपला, लाडू विकायला नुकतीच सुरुवात केली असेल किंवा एखाद्या दुकानाच्या कस्टमर डेस्कवर पहिली नोकरी लागली असेल, तर खालच्या क्रमाने चला.

आधी मराठीत तीन उत्तरं

कीबोर्डला हात लावायच्या आधी कागदावर लिहा: पेटी आत्ता कुठे आहे? ग्राहकाच्या दारात कधी पोचेल? ग्राहकाने काही करायचंय का?

यातल्या एकाचंही उत्तर मराठीत नीट देता येत नसेल, तर अडचण इंग्रजीची नाही. कुरिअरला फोन लावा आणि मग लिहायला बसा. 'युअर पार्सल इज अंडर प्रोसेस अँड विल बी डिलिव्हर्ड शॉर्टली' असलं वाक्य बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाच काही माहीत नसतं तेव्हा जन्माला येतं. ग्राहकाला ते वासावरून कळतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काही नाही' असेल तर तेही लिहा: "यू डोन्ट नीड टू डू एनीथिंग नाऊ." माणूस निवांत होतो.

प्रत्येक टप्प्याला एकच शब्द

शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा वापरला की बाई लाल रेघ मारायच्या. ती सवय इथे घात करते. एकाच मेलमध्ये आधी 'ऑर्डर', मग 'पार्सल', मग 'शिपमेंट', शेवटी 'कन्साइनमेंट' लिहिलंत, की ग्राहक चार वस्तू मोजायला लागतो. आम्ही ठरवून टाकलंय: पैसे भरले ती 'ऑर्डर', आणि दारात येते ती 'बॉक्स'. दोन पेट्या असतील तर 'बॉक्स वन ऑफ टू' आणि 'बॉक्स टू ऑफ टू'. एक पेटी आधी पोचली तर लगेच 'दुसरी कुठे हरवली' असा फोन येत नाही.

टप्प्यांचे शब्दही असेच बांधून घ्या. 'कन्फर्म्ड' म्हणजे पैसे मिळाले, ऑर्डर पक्की. 'पॅक्ड' म्हणजे पेटी बांधून आमच्याच पडवीत आहे. 'हँडेड टू द कुरिअर' म्हणजे कुरिअरवाल्याने ती उचलून गाडीत ठेवली. पुढे 'ऑन द वे', 'आऊट फॉर डिलिव्हरी' आणि 'डिलिव्हर्ड'.

यातला सगळ्यात फसवा शब्द 'शिप्ड'. कुरिअरच्या पोर्टलवर लेबल छापलं की ट्रॅकिंग नंबर तयार होतो, आणि पुष्कळ दुकानं त्याच क्षणी ग्राहकाला 'शिप्ड' कळवून मोकळी होतात. गाडी मात्र दुसऱ्या दिवशी येते, कधी येतही नाही. ग्राहक ट्रॅकिंग उघडतो तर पेटी जागची हललेलीच नाही. तुम्ही खोटं बोललात असं त्याला वाटतं, आणि खरं सांगायचं तर बोललातच. म्हणून मी 'शिप्ड' लिहीतच नाही, आणि पेटी नजरेसमोर गाडीत चढल्याशिवाय 'हँडेड टू द कुरिअर'ही नाही.

कुरिअरच्या पडद्यावरचे शब्द ग्राहकाला जसेच्या तसे चिकटवू नका. पुण्याच्या एका काकांना मी नवखी असताना कळवलं होतं, "युअर बॉक्स इज मार्क्ड आरटीओ." त्यांचा फोन आला, "अहो ताई, आंब्याच्या पेटीचा आणि आरटीओचा काय संबंध? पासिंग करायचंय का?" कुरिअरच्या भाषेत आरटीओ म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन', माल उलटा पाठवणाऱ्याकडे निघाला. महाराष्ट्रात आरटीओ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लायसनची रांग येते. तिथे सरळ लिहा, "द कुरिअर कुड नॉट फाइंड युअर हाऊस अँड इज ब्रिंगिंग द बॉक्स बॅक टू अस." एनडीआर (डिलिव्हरी झाली नाही अशी नोंद), एडब्ल्यूबी (कुरिअरच्या पावतीचा नंबर), हब (वाटेतलं गोदाम), मॅनिफेस्ट (गाडीतल्या मालाची यादी) हे सगळे असेच कुरिअरच्या घरातले शब्द. ते तिथेच राहू द्या. एडब्ल्यूबी नंबर द्यायचाच तर त्याला 'ट्रॅकिंग नंबर' म्हणा.

वेळ आणि तारीख: इथे सर्वांत जास्त जपा

'परवा' हा आपला लाडका शब्द. मागचाही परवा, पुढचाही परवा. बोलताना क्रियापदावरून कळतं, म्हणून अडत नाही. इंग्रजीत 'डे आफ्टर टुमारो' लिहिता येतं, पण ग्राहकाने मेसेज दुसऱ्या दिवशी उघडला तर त्याचा परवा एक दिवस पुढे सरकतो. 'टुडे' आणि 'टुमारो' यांचंही तेच. वार आणि तारीख दोन्ही लिहा: 'फ्रायडे, 9 मे'. वारात चूक झाली तर तारीख सावरते, तारखेत झाली तर वार. दोन्ही जुळत नसतील तर ग्राहक विचारतो तरी.

'नेक्स्ट फ्रायडे' कधीच लिहू नका. कुणाला तो येता शुक्रवार वाटतो, कुणाला त्याच्या पुढचा. खुद्द इंग्रजांचंही यावर एकमत नाही, मग आपण कशाला त्यात पडा.

महिना अक्षरांत लिहायचा, हे मी ठेच लागून शिकले. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मुलीने पुण्यात आईसाठी पेटी सांगितली होती. मी तिला लिहिलं, "डिलिव्हरी डेट 04/05." माझ्या मनात 4 मे. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे तिने वाचलं 5 एप्रिल. सहा एप्रिलला तिचा मेल आला, दोन ओळींचा, भयंकर सभ्य आणि भयंकर थंड. आई दिवसभर बाहेर न पडता वाट बघत बसली होती. त्या माउलीला मी फोन करून माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे आकड्यांतला महिना बंद.

परदेशातून पैसे भरणारे आणि इथे पेटी घेणारे वेगळे असतील, तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. 'यू विल रिसीव्ह द बॉक्स' यातला 'यू' कोण? पैसे भरणारी मुलगी की आई? तिथे 'युअर मदर' किंवा पेटी घेणाराचं नाव घाला. वेळेपुढे 'इंडिया टाइम' लिहा. मे महिन्यात न्यू जर्सीचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे आपली सकाळची दहाची डिलिव्हरी तिच्याकडे मध्यरात्री साडेबाराला होते. तिचा फोन लागला नाही म्हणून पेटी परत फिरवू नका. दारावरचा संपर्क नंबर आईचाच हवा.

'इन टू-फोर डेज' हे 'दोन-चार दिवसांत'चं भाषांतर. मराठीत दोन-चार म्हणजे 'थोडेसे', आणि ऐकणारा पाच-सहा धरूनच चालतो. इंग्रजी वाचणारा मात्र दोन ते चार मोजतो आणि पाचव्या दिवशी भांडायला उभा राहतो. दिवस द्यायचेच तर कधीपासून मोजायचे तेही लिहा: पैसे भरल्यापासून की पेटी निघाल्यापासून? 'वर्किंग डेज' लिहिलंत तर शनिवार धरला का तेही. एवढं लिहिण्यापेक्षा शेवटची तारीख लिहिणं सोपं पडतं.

संध्याकाळचंही तसंच. 'इव्हिनिंग' म्हणजे कुणाचे चार, कुणाचे आठ. 'बिट्वीन 4 पीएम अँड 8 पीएम' लिहा. बारा वाजता असेल तर 'नून'. 12 एएम आणि 12 पीएममध्ये भलेभले गडबडतात.

'विल' की 'शुड'?

'विल' म्हणजे शब्द दिला. 'शुड' म्हणजे अंदाज, बहुतेक होईल. 'मे' म्हणजे होईल किंवा नाही. नवखा माणूस ग्राहकाला बरं वाटावं म्हणून सगळीकडे 'विल' लिहितो आणि मग कुरिअरच्या उशिराची बोलणी स्वतः खातो.

आमचा नियम असा: जे आपल्या हातात आहे त्यालाच 'विल'. "वी विल हँड युअर बॉक्स टू द कुरिअर ऑन ट्यूजडे, 6 मे. इट शुड रीच यू बाय फ्रायडे, 9 मे." पहिलं वाक्य माझं वचन, दुसरं कुरिअरच्या भरवशावर. दोन वाक्यं वेगळी ठेवल्यामुळे पेटी शनिवारी पोचली तरी मी खोटी पडत नाही.

कुणी काय करायचं ते उघड लिहा

'अ‍ॅड्रेस टू बी कन्फर्म्ड.' कुणी करायचा? ग्राहकाला वाटतं दुकान करतंय, दुकानाला वाटतं ग्राहक करतोय, आणि आंबे मधल्या गोदामात पिकत पडतात. कर्ता लिहा: 'वी', 'यू' किंवा 'द कुरिअर'.

'काइंडली डू द नीडफुल' हे आपल्या सरकारी पत्रांतल्या 'योग्य ती कार्यवाही व्हावी'चं जुळं भावंड. योग्य ती म्हणजे कोणती? 'प्लीज सेंड अस युअर फ्लॅट नंबर अँड अ लँडमार्क नियर युअर बिल्डिंग' लिहिलं की उत्तर दहा मिनिटांत येतं. 'रिव्हर्ट' शब्दही सोडून द्या. आपल्या ऑफिसांत तो 'उत्तर द्या' म्हणून चालतो, पण बाहेरच्या माणसासाठी रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. 'रिप्लाय' आहे की, साधा आणि सगळ्यांच्या ओळखीचा.

पिनकोड मागताना जपून. "प्लीज शेअर युअर पिन" असा मेसेज आला तर आजकाल कुणीही शहाणा माणूस नंबर ब्लॉक करेल, त्याला एटीएमचा पिन आठवतो. पूर्ण लिहा: "प्लीज सेंड द सिक्स-डिजिट पिनकोड ऑफ द डिलिव्हरी अ‍ॅड्रेस." आलेला पिनकोड नुसता उतरवून घेऊ नका, पहिला आकडा बघा. 15 ऑगस्ट 1972पासून चालू असलेल्या या पद्धतीत पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड 4मध्ये येतात. पत्ता हैदराबादचा आणि पिनकोड 4ने सुरू होणारा असेल, तर ग्राहकाने बहुधा आपल्या जुन्या घराचा टाकलाय. पेटी निघण्याआधी विचारा: "युअर अ‍ॅड्रेस इज इन हैदराबाद, बट धिस पिनकोड इज नॉट. विच वन इज करेक्ट?"

डिलिव्हरीला ओटीपी लागत असेल तर तो कुणाला आणि कधी द्यायचा ते एका ओळीत सांगा: पेटी हातात आल्यावर, दारातल्या माणसाला. 'वी विल नेव्हर आस्क फॉर इट ऑन फोन' हे पुढे जोडा. आणि मग खरंच फोनवर कधी मागू नका.

माल कसा आहे ते सांगणारे शब्द

हापूस आम्ही तयार पण हिरवा काढतो, पेंढ्यात घालून पाठवतो, तो ग्राहकाच्या घरी पिकतो. पहिल्या वर्षी मी लिहिलं, "यू विल गेट रॉ मँगोज." दिल्लीच्या गृहस्थांनी ऑर्डरच रद्द केली. त्यांना लोणचं घालायचं नव्हतं! 'रॉ मँगो' म्हणजे कैरी. इथे 'अनराइप' हवा. त्याहून बरं, जे दिसेल आणि हाताला लागेल तेच लिहा: "द मँगोज विल बी ग्रीन अँड फर्म व्हेन दे अराइव्ह. कीप देम इन द स्ट्रॉ अ‍ॅट रूम टेम्परेचर. डू नॉट पुट देम इन द फ्रिज अंटिल दे टर्न सॉफ्ट अँड यलो." तीन वाक्यं, प्रत्येकात एक काम. शेवटच्या वाक्यातला 'अंटिल' मात्र बरोबर आहे, कारण इथे 'तोपर्यंत' हाच अर्थ हवाय.

साक्याचं सांगणं सगळ्यात अवघड. साका म्हणजे हापूस बाहेरून देखणा आणि कापला की आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. बाहेरून तो ओळखता येत नाही, हे कोकणात पोरालाही माहीत असतं. चेन्नईच्या ग्राहकाला मात्र ती फसवणूक वाटते. 'सम मँगोज मे बी बॅड' लिहिलं तर सडके पाठवणार असं वाटतं. इंग्रजीत साक्याला 'स्पाँजी टिश्यू' म्हणतात, पण नुसतं नाव देऊन भागत नाही. आम्ही पेटीत चिठ्ठी घालतो: "समटाइम्स अ हापूस लुक्स फाइन आउटसाइड बट हॅज अ व्हाइट, स्पाँजी पॅच इनसाइड. वी कॅनॉट सी इट बिफोर कटिंग. इफ यू फाइंड वन, सेंड अस अ फोटो अँड वी विल रिफंड दॅट मँगो." चिठ्ठी सुरू केल्यापासून साक्याचे फोटो जास्त यायला लागले आणि शिव्या कमी. सौदा वाईट नाही.

तुमचा माल वेगळा असेल, पण असा एखादा शब्द तुमच्याकडेही असणार. कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला चावते, चकल्या प्रवासात तुटतात. ग्राहकाला धक्का बसण्याआधी साध्या शब्दांत कळवून ठेवा.

वाईट बातमी

आधी काय झालं ते, मग नवी तारीख, मग ग्राहकापुढचे पर्याय. 'सॉरी' एकदाच, जमलं तर पहिल्याच ओळीत. 'द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड' यात दिलगीर कोण झालंय तेच सापडत नाही. 'वी आर सॉरी' म्हणजे आम्ही झालो.

'ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस' हे एसटी स्टँडवरच्या 'अपरिहार्य कारणास्तव'चं भाषांतर, आणि त्याच्यावर आपण तरी कधी विश्वास ठेवलाय? कारण सांगा. "वी आर सॉरी, युअर बॉक्स इज लेट. द घाट रोड वॉज क्लोज्ड येस्टरडे, सो द ट्रक लेफ्ट टुडे, वेन्सडे, 7 मे. द बॉक्स शुड नाऊ रीच यू बाय सॅटरडे, 10 मे. इफ दॅट इज टू लेट फॉर यू, रिप्लाय कॅन्सल अँड वी विल रिफंड द फुल अमाउंट." फोंडा घाटाचं नाव बाहेरच्याला माहीत नसतं, 'घाट रोड' पुरे.

परताव्यात 'इनिशिएटेड' आणि 'क्रेडिटेड' यांची सरमिसळ नको. तुम्ही पैसे पाठवले ते वेगळं, बँकेत दिसले ते वेगळं. 'वी सेंट द रिफंड टुडे' आणि पुढे बँकेचा व्यवहार क्रमांक, म्हणजे ग्राहक बँकेत विचारू शकतो.

ऑनलाइन विक्री करणारांनी एक कायदेशीर मुदतही लक्षात ठेवावी. ई-कॉमर्सच्या 2020च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि तक्रार एका महिन्यात निकाली काढावी लागते. पोचेमध्ये 'वी विल लुक इंटू इट' एवढंच नको. पुढचं उत्तर कोणत्या तारखेला देणार ते घाला.

एसएमएस असेल तर अक्षरं मोजा

साध्या रोमन अक्षरांत एका एसएमएसला 160 अक्षरांची जागा असते. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं तर ती 70वर येते. रुपयाचं ₹ हे चिन्हही तसंच, आणि वर्डमधून चिकटवलेले तिरके अवतरणचिन्हही. एकाच चिन्हामुळे एका मेसेजचे दोन-तीन होतात आणि बिल वाढतं. कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचे तर मजकूर आधी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (व्यावसायिक एसएमएस नोंदवायची वेबसाइट) मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पाठवताना त्यात हवा तो बदल करता येत नाही. म्हणून नोंदवण्याआधीच 'टिल' आहे का 'बाय', ते बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर अशी काटकसर लागत नाही. तरी तारीख पहिल्या ओळीत ठेवा. लॉक केलेल्या फोनवर तेवढंच दिसतं.

पाठवायच्या आधी

मेसेज घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला त्या ऑर्डरबद्दल काहीच माहीत नाही, आणि विचारा, 'पेटी कधी येणार?' उत्तर लगेच आलं नाही तर वाक्य बदला. मी भाच्याला वाचून दाखवते आणि तो मला.

चांगले जमलेले मेसेज एका फाइलमध्ये साठवा, पण त्यात तारीख, नाव आणि रकमेच्या जागी एक्सएक्सएक्स ठेवा, खरा जुना मजकूर नको. घाईत कॉपी केलेल्या मेसेजात मागच्या ग्राहकाची तारीख राहून जाते. आमच्या भाच्याने यंदा एका ग्राहकाला गेल्या वर्षीच्या मेमधली तारीख कळवली. त्यांनी उत्तर पाठवलं, "रिसीव्ह्ड. व्हेरी टेस्टी. व्हेन इज धिस इयर्स बॉक्स कमिंग?"